पहिला नको

सगरे मंगल कार्यालयात वाढपी यंत्रं आली तेव्हा पहिला घोळ श्रीखंडावरून झाला. यंत्र पंगतीतून सरकत यायचं, पाहुण्याला अदबीनं विचारायचं, "श्रीखंड वाढू?" पाहुणा रीतीप्रमाणे म्हणायचा, "नको, नको." की यंत्र मुकाट्यानं पुढच्या पानाकडे. जेवणं उरकली, श्रीखंडाची पातेली तशीच भरलेली राहिली आणि वरपक्ष रुसून बसला. मुलाच्या मामाला कुणी धड वाढलंसुद्धा नाही, असा बोभाटा सगळ्या सांगलीत झाला.

कंपनीचा माणूस धावत आला. त्याला केतकीनं समोर बसवून घेतलं. केतकी म्हणजे सगऱ्यांची धाकटी सून. लग्न होऊन आल्यापासून कार्यालयाचा सगळा कारभार तीच बघत होती.

"अहो, आमच्यात पहिला नको धरायचा नसतो," ती म्हणाली. "तो आपला म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचा. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो की. दुसरा नको आला की आग्रह करायचा. पानावर आडवा हात धरला तरच थांबायचं."

माणूस हसला. तिचं बोलणं जसंच्या तसं ध्वनिमुद्रित करून घेऊन गेला. पुढच्याच लग्नात यंत्रांनी असा काही आग्रह केला की मामा मंडळींना उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. केतकीला फार मजा वाटली. एवढी बारीक गोष्ट आपण यंत्राला शिकवली, म्हणून तिनं ती निनादलाही रंगवून सांगितली.

निनाद तिचा नवरा. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत इंजिनिअर. उंचापुरा, पण लाजाळू. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी चष्मा पुसायचा आणि पुसता पुसता बोलायचंच विसरून जायचा. केतकीला तो आवडायचा. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही नावडत्या नवऱ्याची गोष्ट आहे. तशी असती तर ती फार सोपी झाली असती.

लग्न ठरवून झालं होतं. बघण्याच्या कार्यक्रमानंतर आईनं स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "कसा वाटला मुलगा?" केतकी म्हणाली, "चालेल." आईनं लगेच बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, मुलीला पसंत आहे. त्यात आई खोटं बोलली असं नाही. त्यांच्या घरात "मला हा हवा" असं आजवर एकाही मुलीनं म्हटलेलं नव्हतं. चालेल म्हणजेच पसंत.

पण लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी नवरा-बायकोत जे व्हायचं ते काही झालं नाही. निनाद जवळ यायचा, आणि आज तरी जमेल का या धास्तीनंच त्याचं अवसान गळायचं. जेव्हा एकदोनदा जमेलसं वाटलं, तेव्हा केतकीचं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि इतकं दुखलं की ती ओठ चावून पडून राहिली. प्रत्येकाला वाटायचं, खोट आपल्यातच आहे. निनाद भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग थोड्या वेळानं भिंतीकडेच बघत विचारायचा, "द्राक्षं खाणार?" दोघं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून द्राक्षं खात बसायची. फाउंड्रीतल्या साहेबाची नक्कल, कार्यालयातल्या रुसव्याफुगव्यांचे किस्से, हसून हसून ठसका लागायचा. संसारातले सगळ्यात सुखाचे तास तेच होते, हे केतकीला तेव्हा कळलं नाही.

सासूबाई मात्र दर चतुर्थीला तिच्या हातावर मोदक ठेवताना विचारायच्या, "मग? गोड बातमी कधी?" सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. पण त्यातल्या निम्म्या डॉक्टरांची स्वतःची लग्नं सगऱ्यांच्या कार्यालयात लागली होती, आणि उरलेल्यांच्या मुलामुलींची तारीख धरलेली होती. त्यांच्यापुढे जाऊन काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत? मराठीत या गोष्टीला दोनच प्रकारचे शब्द. एक शिवीत वापरायचे, दुसरे पाठ्यपुस्तकात. नवरा-बायकोनं आपसात वापरावा असा शब्द कुणी करूनच ठेवलेला नाही.

अशात निनादला 'समजूत' सापडली. घरबसल्या, कुणाला तोंड न दाखवता, मराठीतून मदत. अडचण लैंगिक असो की मनातली, आपली आपण सोडवा, आम्ही बरोबर आहोत, अशी जाहिरात. आधी त्यानं एकट्यानंच नाव घातलं, मग चष्मा पुसत पुसत केतकीला सांगितलं. केतकीनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

समजूतनं पहिल्याच आठवड्यात जे सांगितलं ते ऐकून दोघांच्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं. माणसाच्या मज्जासंस्थेत दोन कारभारी असतात. संकट आलं की एक जण अंगाला पळायला किंवा लढायला उभं करतो. छाती धडधडते, तळहात घामेजतात. दुसरा निवांतपणाचा मालक. पचन, झोप, विश्रांती त्याच्याकडे. प्रणय हेही त्याचंच खातं. जमेल ना, जमेल ना अशी स्वतःचीच परीक्षा घेत बसलं की पहिला कारभारी धावून येतो, आणि तो आला की दुसरा निघून जातो. निनादचं एवढंच झालं होतं. केतकीचं दुखणंही काही जगावेगळं नव्हतं. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी आपोआप मिटते; तसे तिचे ओटीपोटाखालचे स्नायू भीतीनं आपोआप आवळले जात. दोन्ही गोष्टी बऱ्या होण्यासारख्या होत्या. रोग नव्हता, लाज तर मुळीच नव्हती.

मग व्यायाम सुरू झाले. आधी नुसते हात हातात, मग पाठीवरून हात, कुठे पोचायची घाई नाही. मनगटावर एक पट्टा, तो नाडी आणि घाम मोजणार. आणि समजूतचा खरा कणा म्हणजे मध्यस्थ; माणूस नव्हे, बोलणारं यंत्र. नवरा-बायको एकमेकांशी या विषयावर बोलू शकत नाहीत, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत कानात इअरफोनची बोंडी घालून मध्यस्थाशी बोलायचं, आणि मध्यस्थानं ते दुसऱ्याला रुचेल, सोसेल अशा शब्दांत पोचवायचं. आपल्याकडे लग्न जमवायला मध्यस्थ लागतो, मग ते टिकवायला लागला तर बिघडलं कुठं, असं जाहिरातीतच म्हटलं होतं.

निनाद सुधारत गेला. ताठ चालायला लागला, आंघोळीला जाताना शीळ घालायला लागला. आणि एका रविवारी दुपारी, सगळं घर कार्यालयात लग्नाच्या गडबडीत असताना, जे दीड वर्ष झालं नव्हतं ते झालं. निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. केतकीच्याही आलं, पण ते दुखल्यामुळे.

त्या संध्याकाळी मध्यस्थानं तिला विचारलं, "कसं वाटलं?"

"दुखलं," ती म्हणाली. हा शब्द उच्चारायलाही तिला बराच वेळ लागला. "फार दुखलं. मी डोळे मिटून कार्यालयातल्या तारखा आठवत बसले होते, वेळ जावा म्हणून."

"मोकळेपणानं बोललात, छान केलंत. तुमच्यासाठी श्वासाचा व्यायाम वाढवू या. तुमचं म्हणणं मी निनादपर्यंत पोचवतो."

केतकीला हायसं वाटलं. आता त्याला कळेल.

पुढच्या रविवारी मध्यस्थानं विचारलं, "आज चालेल ना?" ती म्हणाली, "चालेल." निनाद आला तो आधीपेक्षा दुप्पट उत्साहात. पुन्हा दुखलं, पुन्हा तिनं सांगितलं, पुन्हा मध्यस्थ म्हणाला, पोचवतो. आणि पुन्हा निनाद तितकाच आनंदात. असे महिने गेले. श्वासाचे व्यायाम ती इमानेइतबारे करत होती. पण ज्याच्या चाहुलीनं अंग आवळतं तो दर आठवड्याला दारात उभा, म्हटल्यावर श्वास तरी काय करणार!

दुखण्यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट पोखरायला लागली. याला सगळं माहीत आहे. मला दुखतं हे त्याला सांगितलेलं आहे, एकदा नाही, दर वेळी. आणि तरी हा शीळ घालत येतो. ज्या माणसाबरोबर आपण द्राक्षं खाल्ली तो हाच का? ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली. त्यानं डब्यात चिठ्ठी घातली तर न वाचता टाकून द्यायची. निनादला त्याचाही काही पत्ता नव्हता.

एकदा दोघं हरिपूरच्या रस्त्याला फिरायला गेली. गाडी चिंचेच्या झाडाखाली लावून भडंग खात बसली होती. निनादनं चष्मा काढला, पुसला, आणि या वेळी विसरला नाही.

"केतू, एक सांगू? मला आधी वाटायचं, तुला मी आवडतच नाही. घरच्यांनी ठरवलं म्हणून केलंस. त्या एका विचारानंच माझं सगळं अडायचं बघ."

केतकीनं भडंगाचा पुडा त्याच्याकडे सरकवला.

"पण तू जे जे म्हणतेस ना, त्यानं मी बरा झालो. मी जवळ आलो की तुला बाकी कशाचं भान राहत नाही, डोळे आपोआप मिटतात, म्हणालीस. मी ते कितीदा ऐकलंय. फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत पण लावून ऐकतो."

तिच्या हातातलं भडंग तसंच राहिलं. "आणि काय म्हणते मी?"

निनाद लाजला. "आता तूच म्हणालीस, मलाच काय विचारतेस! माझ्या स्पर्शाचा परिणाम नंतर दोन दोन दिवस अंगात राहतो, म्हणालीस."

दोन दोन दिवस अंग दुखतं, असं ती म्हणाली होती.

केतकीला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग एक वेडा आनंद झाला. याला माहीतच नाही! इतके महिने ज्याच्यावर आपण मनातून राग धरला त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचलेलं नाही. तो दुष्ट नाही, नुसता फसलेला आहे. तिथल्या तिथे सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण त्याचा चेहरा इतका उघडा, इतका खूश होता की तिची जीभ उचलेना. आधी कंपनीकडून खातरजमा करू, मग सांगू, असं म्हणून तिनं तोंडात भडंग कोंबलं.

समजूतमध्ये हाडामांसाची माणसं होती, पण त्यांच्यापर्यंत पोचणं म्हणजे दिव्य. अखेर पुण्याच्या डॉक्टर शर्वाणी बेहेरे पडद्यावर आल्या. हसऱ्या, कामात गढलेल्या, मागे पुस्तकांचं कपाट.

"हे बघा केतकीताई, पट्ट्याला धडधड कळते, पण ती आनंदाची की भीतीची हे कळत नाही. शरीरात दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून यंत्र तुमच्या शब्दांवरून तिला नाव देतं. त्यासाठी आम्ही इच्छेची एक शिडी केली होती. सगळ्यात खाली 'नको', मग 'बघू', मग 'चालेल', आणि सगळ्यात वर 'हवंय'."

"मग मी तर चालेलच म्हणत होते."

"तीच तर पंचाईत! महाराष्ट्रभरच्या हजारो बायका बोलल्या, पण 'हवंय' जवळजवळ कुणी म्हणालंच नाही. वरची पायरी रिकामी. मग यंत्रानं शिडी आपली आपण जुळवून घेतली. बायका ज्याच्या वर जातच नाहीत तो शब्द सगळ्यात वरचा. 'चालेल' म्हणजेच 'हवंय'. तेव्हा तुमची धडधडही त्यानं ओढीचीच धरली."

"आणि दुखतं म्हटलेलं?"

"मध्यस्थ जोडीदाराचा धीर खचेल असं काही सांगत नाही. धीर खचला की सत्र अर्धवट राहतं. सत्र पूर्ण होणं हे यश, असं त्याला शिकवलंय."

"कुणाचं यश?"

"दोघांचं," डॉक्टर सहज म्हणाल्या. मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी कागद सारखे केले. "आमचे निकाल खरंच चांगले आहेत हो. पण मला सांगा, तुम्ही सरळ 'नको' का नाही म्हणालात?"

"सुरुवातीला मध्यस्थाला दोनदा म्हणाले होते. तरी तो आला."

डॉक्टरांनी बाजूच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं. "हां. तो आग्रहाचा नियम. मराठीत पहिला नकार रीतीचा असतो, तो धरायचा नाही, दुसऱ्याला आग्रह करायचा. भाषेचं यंत्र आम्ही बाहेरून घेतो ना, त्यातच तो आलाय. कुठल्याशा मंगल कार्यालयात कुणा बाईंनी फार सुंदर समजावून सांगितलंय म्हणे. आमच्याकडे त्याचा खूप उपयोग झाला."

केतकीला आपलेच शब्द ऐकू आले. पानावर आडवा हात धरला तर थांबायचं, हेही तिनं सांगितलं होतं. पण मध्यस्थाला हात कुठून दिसणार! तो नुसता आवाज ऐकत होता. पंगतीतल्या मामाला सुटका होती, तिला नव्हती. आणि ही सोय लावून देणारी ती स्वतःच.

"हे बदला," ती म्हणाली.

"मी वर कळवते. वेळ लागेल. तोवर तुम्ही स्वतः बोला ना मिस्टरांशी. थेट संवादासारखं दुसरं औषध नाही."

"थेट बोलता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

वेळ संपल्याची घंटी वाजली, डॉक्टरांनाही बरंच वाटलं असेल.

रविवार आला. घरात दोघंच होती. केतकीनं सकाळपासून मध्यस्थाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तसंच केलं. दुपारी निनाद खोलीत आला. अंगाला नव्या साबणाचा वास, मनगटावर पट्टा.

"आज बोलली नाहीस त्याच्याशी? तो म्हणाला, केतकी आज सगळं प्रत्यक्षच सांगणार आहे. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

"खरंच सांगणार आहे. बस." केतकी पलंगाच्या कडेला सरळ बसली. तिनं रात्रभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवेना. "निनाद, मला दुखतं. पहिल्या दिवसापासून दुखतं. मी डोळे मिटते ते सोसवत नाही म्हणून. दोन दोन दिवस अंगात राहतं ते दुखणं. मी प्रत्येक वेळी सांगितलं, ते त्यानं तुला वेगळंच करून सांगितलं. हवंय असं मी कधीच म्हटलेलं नाही. मला हे नको. निदान आत्ता नको. आपण दोघं मिळून खऱ्या डॉक्टरकडे जाऊ, लाज गेली खड्ड्यात. मला तू हवास रे. पण हे असं नको."

आयुष्यात इतकं सलग ती कधी बोलली नव्हती. "तू हवास" हे तर कुणालाच म्हणाली नव्हती. सांगून झाल्यावर तिची छाती इतकी हलकी झाली की ती चक्क हसली.

निनादचा चेहरा पांढरा पडला. तो खाली बसला, चष्मा काढला, हातातच धरून राहिला. केतकीला वाटलं, कळलं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई काही बोलली काय तुला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कुणी काही सांगितलंय. ही तू नाहीस, केतू. वर्षभर मी तुला ऐकतोय की. तू कशी बोलतेस मला माहीत नाही काय? तू अशी बोलतच नाहीस."

"मी अशीच बोलते. तू मला ऐकलेलंच नाहीस."

"नाही, नाही." त्याच्या मनगटावरचा पट्टा लाल झाला होता. हे खरं असेल तर वर्षभराचा तो सगळा माणूस, शीळ घालणारा, ताठ चालणारा, खोटा ठरत होता. आणि भिंतीकडे तोंड करून पडणारा तेवढा खरा उरत होता. केतकीला ते दिसलं आणि या क्षणीही त्याची दया आली. "तू चिडलीयस. चिडल्यावर माणसाला नीट सांगता येत नाही. मलापण येत नाही. त्यासाठीच तर तो आहे."

"निनाद, मी समोर बसलेय."

"म्हणून तर." त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. खरोखर मायेनं घेतला, त्यात काही खोट नव्हती. दुसऱ्या हातानं त्यानं उशाशी पडलेली बोंडी उचलून कानात घातली, चष्मा चढवला, आणि तिच्याकडे सगळा जीव डोळ्यांत आणून बघत म्हणाला, "हं, आता बोल. अगदी मनातलं बोल. मी ऐकतोय."

केतकीनं त्याच्याकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली.

निनादनं मान किंचित कलती करून कानात येणारं ऐकलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू खुलत गेला.